साथीला कोण? पेटी, ड्रम मशीन आणि मावळातला पाऊस

दिवाळीची सुटी संपली की आम्ही दोघे आमच्या मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना घेऊन भाज्याच्या लेण्यांना जातो. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे, द्रुतगती मार्ग ओलांडून गावातून चालायचे आणि पायऱ्या चढायच्या, असा हा नेहमीचा क्रम. ही लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकातली मानली जातात. एकोणिसाव्या क्रमांकाच्या विहारात रथारूढ सूर्य आणि हत्तीवर बसलेला इंद्र यांची प्रसिद्ध शिल्पे आहेत. त्याच शिल्पपटात खालच्या बाजूला एक स्त्री नाचताना दिसते आणि दुसरी शेजारी बसून दोन हातांनी दोन तालवाद्ये वाजवताना दिसते. एका वर्षी पवन मावळातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तिच्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, ही ऑक्टोपॅड वाजवतेय का?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. परतीच्या लोकलमध्ये मात्र तो प्रश्न वाटला तितका भाबडा नसल्याचे आमच्या लक्षात आले. कित्येक हौशी अभ्यासक त्या शिल्पाकडे बोट दाखवून 'हा पाहा दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला' असे म्हणतातच. वस्तुतः आज आपण ज्याला तबला म्हणतो त्याचे पुरावे अठराव्या शतकापासूनचे आहेत, आणि भाज्याची वाद्ये नाट्यशास्त्रातील पुष्कर वाद्यांच्या कुळाला अधिक जवळची दिसतात. म्हणजे तबला म्हणणारेही आपल्या काळातले वाद्य त्या दगडात पाहत असतात, आणि आमच्या विद्यार्थ्याने त्याच्या काळातले पाहिले. वाद्याचे नाव बाजूला ठेवले तर एक गोष्ट मात्र निर्विवाद उरते: वाजवणारी एकटी नाही. ती नाचणारीच्या शेजारी बसली आहे. ती साथ करते आहे.

प्रस्तुत लेखात आम्हाला काही यंत्रवाद्यांची तुलना करायची आहे: सिंथेसायझर, ड्रम मशीन, सॅम्पलर आणि त्यांची आपल्याकडची भावंडे. अशा तुलना बहुधा नादाच्या अंगाने होतात. कोणाचा खर्ज भरदार, कोणाचा तबला 'अगदी खऱ्यासारखा' यावर हौशी मंडळी रात्री जागवतात. आमची मोजपट्टी वेगळी आहे. यंत्राला आपण जे काम सांगितले ते मुख्यतः साथीचे काम आहे. मग साथ या कसोटीवर ही यंत्रे कुठे उतरतात, असा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मावळातून विचारण्यास एक साधे कारण आहे, ते म्हणजे पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात कातड्याचे कोणतेही वाद्य इथे सुरात राहू इच्छीत नाही. तबल्याची पुडी ओल धरते, स्वर उतरतो, गट्टे ठोकून ठोकून वादी जेरीस येते. आमच्या परिचयाचे एक तबलजी पावसाळाभर तबल्याच्या कपाटात विजेचा दिवा जळता ठेवतात. तंबोऱ्याचेही तेच, जवारी बिघडते, तारा गंजतात. आणि वारकऱ्यांचे वर्ष तर नेमके याच दिवसांत उंबरठ्यावर येते. मावळच्या वेशीवरच्या देहूतून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्यात निघते, तेव्हा पखवाजांवर प्लास्टिकचे आवरण चढलेले असते. ज्या यंत्राला ओल लागत नाही, जे काळी दोन म्हटले की चार महिने काळी दोनच धरून बसते, त्याचे आकर्षण इथल्या माणसाला का वाटावे हे पुण्यातल्या टीकाकाराला चटकन कळणार नाही.

या पावसाचा विजेशीही जुना संबंध आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली नळांतून सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचवली. त्या विजेवर प्रथम गिरण्या चालल्या. पुढे मुळशीच्या धरणासाठी त्याच घाटमाथ्यावरील मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह (१९२१-२४) घडला. यंत्र परके आणि आपण निसर्गाच्या कुशीतले, असा समज आमच्या तालुक्याने बाळगण्यात फारसा अर्थ नाही. यंत्राला लागणारे पाणी इथूनच खाली गेले आहे.

यंत्रवाद्याशी मराठी माणसाचा पहिला मोठा झगडा सिंथेसायझरवरून नव्हे, तर पेटीवरून झाला. फ्रान्समध्ये १८४०च्या सुमारास जन्मलेले हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाऐवजी हाताने भाता चालवण्याजोगे त्याचे रूप रुजवले आणि ते बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या वादकापुढे आले. संगीत नाटकाने त्याला घर दिले. गोविंदराव टेंब्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. पण आक्षेपही लगेच सुरू झाले. बारा पट्ट्यांत बावीस श्रुती कशा मावणार? एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारणाऱ्या वाद्यातून मींड कशी निघणार? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली आणि पुढे इ. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी इंग्लंडमध्ये घडवून घेतली. शतकानंतर डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. यंत्रात दोष आहे तर यंत्रच सुधारा, ही मराठी मनाची एक जुनी वाट दिसते.

दुसरी वाट बंदीची. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला आपले दरवाजे बंद केले. जॉन फोल्ड्स या नभोवाणीतील इंग्रज संगीतकाराची टीका आणि रवींद्रनाथांची नापसंती ही त्यामागे होती. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे एक योगायोग टिपून ठेवावा. यंत्रयुगातल्या माणसाची कविता लिहिणारे बा. सी. मर्ढेकर याच काळात आकाशवाणीच्या नोकरीत होते. ज्या संस्थेने पेटीला यांत्रिक म्हणून बाहेर ठेवले, त्याच संस्थेत बसून आपला एक कवी यंत्राच्या आवाजाशी भाषेने कसा सामना करावा याचा विचार करीत होता.

या साऱ्या वादात एक गोष्ट जवळजवळ कोणी बोलले नाही. पेटीत मींड नाही हे खरे. पण चांगला पेटीवाला मींडेच्या जागी गप्प बसतो. तो गायकाच्या अर्ध्या पावलामागून चालतो, गायक कुठे वळणार याचा अंदाज घेतो, चुकला तर हात उचलतो. वाद्याचा दोष वादकाच्या कानाने झाकला जातो. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला होता. त्या साथीची आठवण लोक पिढ्यान्‌पिढ्या काढतात, ती केवळ नादाची नसते. समोरच्याचे ऐकून वाजवणाऱ्यांची ती आठवण असते. आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की पेटीने सारंगीची जागा घेतली तेव्हा सारंगियांची घरे ओस पडली. त्यांच्यासाठी कोणी बंदी मागितली नाही. सारंगी कोठीवरची म्हणून पांढरपेशांना ती नकोशीच होती.

आता विजेच्या वाद्यांकडे वळू. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातील पुंगी ही खरी पुंगी नव्हती, हे आता सर्वश्रुत आहे. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिन या फ्रेंच विद्युत् वाद्यावर वाजवली. १९४७ साली कॉन्स्टंट मार्टिन यांनी तयार केलेले हे वाद्य एका वेळी एकच स्वर काढते. गिरगावात वाढलेल्या या तरुणाने परदेशी यंत्रातून गारुड्याची पुंगी काढली आणि देशभर लोकांनी ती पुंगीच मानली. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला. तिथे काही भारतीय संगीतकारांनी प्रयोग केले. ते काम थोड्याच वर्षांत थांबले आणि ध्वनिफिती कित्येक दशके कपाटात राहिल्या. त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. गारुड्याची पुंगी बाजारात खपली आणि प्रयोगशाळेतला नाद कपाटात गेला. आपल्याकडे यंत्राचा प्रवेश नकलेच्या दाराने झाला तो असा.

या इतिहासात आमच्या सर्वांत आवडीची कथा चरणजित सिंग यांची आहे. ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. तिच्यात भैरवी, ललत, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग आहेत आणि वाद्ये तीन, तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाच्या गिटारचे काम करणारे यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन. तबकडी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. मात्र १९८७ मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी त्याच ३०३ची बटणे पिळून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा नवा नृत्यप्रकार जगापुढे ठेवला, आणि २०१० मध्ये चरणजितांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जाणकार थक्क झाले. शिकागोवाल्यांनी मुंबई ऐकली होती असा काही पुरावा नाही. दोघांनी एकच यंत्र आपापल्या गरजेने वाकवले, इतकेच. चरणजित २०१५ मध्ये वारले. उतारवयात का होईना, युरोपच्या रंगमंचावर त्यांना आपले श्रोते भेटले.

या तीन यंत्रांची तुलना साथीच्या कसोटीवर करून पाहू. पहिले ८०८. त्याचा पूर्वेतिहास उद्‌बोधक आहे. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९६७ च्या सुमारास आपल्या आधीच्या कंपनीतर्फे 'ऱ्हिदम एस' नावाचे यंत्र काढले. घरोघरच्या ऑर्गनवर ठेवायचे आणि एकट्या ऑर्गनवाल्याला ताल द्यायचा, एवढेच त्याचे काम. म्हणजे ड्रम मशीन जन्मतःच साथीदार आहे. १९८० साली आलेल्या ८०८ वर तळाशी सोळा बटणांची ओळ आहे. एकेक बटण दाबून आघात कुठे पडावा हे ठरवायचे आणि मग ते आवर्तन अखंड चालते. सोळा म्हटले की आपल्याला त्रिताल आठवतो, पण ते साम्य वरवरचे आहे. ती सोळा बटणे म्हणजे चार मात्रांचे प्रत्येकी चार भाग होत. बटणांची संख्या कमी करून झपताल किंवा रूपकही बसवता येतो. सम दाखवता येते आणि डग्ग्याचा आघात गाळून खालीही सुचवता येते. जमत नाही ते एकच: गायक समेवर उशिरा येतो आहे असे दिसताच तालाने जराशी वाट पाहणे.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात लयीची तीन तत्त्वे सांगितलेली आहेत: संवाद, विरोध आणि समतोल. आमच्या वर्गात ती फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली जातात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. ८०८ समोर ठेवली तर ती घोकण्याची गरज पडणार नाही. यंत्र संवाद भरपूर देते; तेच आवर्तन, तोच आघात, तेच अंतर. विरोध त्याच्यापाशी नाही. तो बाहेरून, माणसाकडून यावा लागतो. चरणजितांच्या तबकडीत तो येतो. खाली दोन यंत्रे ठरल्या वाटेने फिरत असतात आणि वर ज्युपिटरच्या पट्ट्यांवर त्यांचा हात रागाच्या चलनाप्रमाणे थांबतो, रेंगाळतो, मग धावतो. समतोल साधतो तो या दोहोंच्या ताणातून. हा ताण काढून घेतला की उरते ती लग्नाच्या वरातीतली धडधड. दोष यंत्राचा नसतो. विरोध करायला समोर कोणी नसते, हा दोष असतो.

दुसरे ३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून हे यंत्र काढले गेले, आणि त्या कामात ते सपशेल अपयशी ठरले. त्याचा आवाज खऱ्या गिटारसारखा नव्हताच. सुमारे १०,००० नग निघून १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण त्यात एक सोय होती: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. पेटीवर साठ वर्षे जो आक्षेप घेतला गेला, त्याचे उत्तर एका पडेल जपानी यंत्रात सहज दडले होते. चरणजितांच्या कानाने ते ओळखले. अर्थात ही मींड ओबडधोबड आहे. घसरायला लागणारा वेळ ठरलेला असतो. वाटेत एखाद्या श्रुतीवर क्षणभर टेकणे तिला ठाऊक नाही. तरीही आमच्या यादीत ३०३ वरचे स्थान पटकावते, कारण त्याने नकलेचा हट्ट सोडल्यावरच त्याला स्वतःचा आवाज सापडला.

हीच गोष्ट ८०८ बद्दल. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचे एलएम-१ हे यंत्र आले. त्यात खऱ्या ढोलाचे ध्वनी मुद्रित करून साठवलेले होते. त्याच्यापुढे ८०८ चा आवाज खेळण्यासारखा वाटला. सुमारे १२,००० नगांनंतर तेही बंद झाले. आज मात्र लोकांच्या कानात बसला आहे तो ८०८ चाच खोल, लांबणारा ठोका. एक अनुकरण होते, दुसरे प्रतिमा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यापलीकडे काही सांगण्याची गरज नसावी.

सॅम्पलर हे अनुकरणाचे टोक. १९७९ चा ऑस्ट्रेलियन फेअरलाइट घराच्या किमतीचा होता. पण १९८६ च्या सुमारास कॅसिओने एसके-१ नावाचा छोटा की-बोर्ड काढला आणि ध्वनी पकडण्याची किमया मुलांच्या हाती आली. आमच्यापैकी एकाच्या घरी तो आखातातल्या मामांनी आणला होता. जेमतेम दीड सेकंदाचा आवाज त्यात मावे. पहिल्याच दिवशी त्यात 'आई' हा शब्द भरला गेला आणि पट्ट्यांवर वाजवला गेला. वरच्या पट्टीवर आई चिमणीसारखी घाईत बोलली, खालच्या पट्टीवर जड पावलाने, झोपेत असल्यासारखी. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हे बंद कर आधी." आज कळते ते असे की सॅम्पलरला स्वर कळत नाही, त्याला फक्त वेग कळतो. मुद्रित क्षण भरभर फिरवला की स्वर चढतो, सावकाश फिरवला की उतरतो. पुढच्या यंत्रांनी यावर अनेक युक्त्या काढल्या. मूळ अडचण तशीच राहिली: पकडलेला 'धा' हा कोणा एका तबलजीचा एका दुपारचा 'धा' असतो, आणि तो शंभर वेळा तोच राहतो.

आमच्या विद्यार्थ्याचा ऑक्टोपॅड या कुळातलाच, पण तो वेगळ्या स्वभावाचा आहे. १९८५ साली रोलँडने पॅड-८ काढला तेव्हा त्याला स्वतःचा आवाज मुळीच नव्हता. आठ रबरी चौकोन, त्यांवर काठी मारायची, आणि संदेश दुसऱ्या यंत्राकडे जायचा. दोनच वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, मिडी नावाची यंत्रांची सामायिक भाषा ठरली होती, तिच्यामुळे हे शक्य झाले. पुढे १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये शेकडो आवाज आतच आले आणि मराठी वाद्यवृंद, लावणीचे कार्यक्रम, जागरण-गोंधळ, भजनी मंडळे या सर्वांनी त्याला आपले म्हटले. त्यातून ढोलकी निघते, हलगी निघते, संबळही निघतो. ढोलकीच्या धुमावर तळहात घासून निघणारा घुमारा त्यातून निघत नाही. पण काठी माणसाच्या हातात असते. बुवा गजराला गेले की तो हात लय चढवतो, बुवा थांबले की थांबतो. यंत्र ऐकत नाही, यंत्रामागचा माणूस ऐकतो. पेटीचेच हे दुसरे रूप आहे. म्हणून साथीच्या कसोटीवर आम्ही ऑक्टोपॅडला ८०८ च्या वर बसवतो, नादाच्या रसिकांनी कितीही नाक मुरडले तरी. त्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. पूर्वी ढोलकीवाला, हलगीवाला, संबळवाला असे तिघे टेम्पोत बसून येत. आता एक जण एक पेटारा घेऊन येतो. बिदागी वाचते ती कोणाची तरी असते.

याच पंक्तीत बेंजोलाही बसवायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये तैशोगोतो नावाचे वाद्य तयार झाले, टंकलेखकासारख्या कळा दाबून तारा छेडायचे. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झाले. त्याला विजेची जोड मिळाली आणि बेंजो पार्टीच्या रूपाने ते गणपतीच्या मिरवणुकीत शिरले. परके यंत्र आपले कसे होते याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. त्याला कोणी आकाशवाणीवर बोलावले नाही, म्हणून त्याच्यावर बंदीही आली नाही.

आता उरला तंबोरा, आणि इथे आम्हा दोघांचा मतभेद आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली. तीतून रेडेल ही कंपनी उभी राहिली. पुढे तालाची यंत्रेही आली. आज ही सारी यंत्रे मोबाईलमध्ये मावतात. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे: सर्व यंत्रांत हे सर्वांत निरुपद्रवी. तंबोरा गायकाचे ऐकून वाजत नाही. तो अखंड, निर्विकार असावा हीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मग जे काम निर्विकारपणाचे ते यंत्राने केले तर बिघडले काय? त्यात मावळातला पाऊस ध्यानात घेता हे यंत्र वरदानच आहे.

दुसऱ्याचे म्हणणे याच्या नेमके उलट. तंबोरा ऐकत नव्हता, पण तंबोरा धरणारा शिष्य ऐकत होता. गुरूच्या मागे बसून चार तारा छेडीत वर्षानुवर्षे ऐकणे हीच त्याची शाळा होती. त्याला गायला सांगितलेले नसे, म्हणून चुकण्याची भीती नसे. आणि हात गुंतलेला असे, म्हणून मन भटकत नसे. यंत्राने तंबोऱ्याची जागा घेतली नाही, त्या शिष्याची जागा घेतली. तबल्याच्या यंत्राचेही तसेच. पूर्वी गायकाला रियाजासाठी तबलजी लागे आणि तबलजीला लेहऱ्यासाठी पेटीवाला. दोघांची गरज त्यांना एका खोलीत आणी. आता गायक ठेक्याच्या यंत्रासमोर बसतो, तबलजी लेहऱ्याच्या यंत्रासमोर. दोन खोल्या, मध्ये भिंत. ३०३ ज्या एकट्या गिटारवाल्यासाठी जन्मले, तो एकटा आता सगळीकडे आहे.

हा वाद आमच्या महाविद्यालयाच्या कलामंडळात एकदा प्रत्यक्षच उभा राहिला. जुलैचे दिवस होते. स्नेहसंमेलनाची नव्हे, आषाढी एकादशीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. तंबोऱ्याचे यंत्र भिंतीतल्या विजेवर चालू होते, त्यात सेल घातलेले नव्हते. वीज गेली. गाणारी मुलगी पहिल्या दोन ओळी नीट म्हणाली. तिसऱ्या ओळीला तिचा षड्ज खाली सरकू लागला. ती थांबली आणि घाबरून म्हणाली, "मॅडम, मला सा सापडत नाहीये." तीन वर्षे ती सुरात गात होती. सूर यंत्रात होता, आणि तो तिच्याही गळ्यात बसला असावा असे आम्ही गृहीत धरले होते. हा दोष तिचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. तो आमचा होता. कोपऱ्यातल्या पेटीची धूळ झटकून एकाने भाता ओढला, काळी चार धरली, आणि तालीम पुढे सुरू झाली. आकाशवाणीने जिला तीस वर्षे दाराबाहेर ठेवले, ती पेटी त्या संध्याकाळी विजेविना उपयोगी पडली.

त्या दिवसानंतर आम्ही एक लहानसा नियम केला. यंत्र बंद केलेले नाही. पावसाळ्यात ते बंद करणे शक्यही नाही. मात्र आठवड्यातून एक तालीम खऱ्या तंबोऱ्यावर होते, आणि तो कोणी धरायचा याची पाळी लावलेली असते. पाळी केवळ गाणाऱ्यांची नाही, सगळ्यांची. पहिल्या वर्षी मुले कुरकुरली. तार वारंवार उतरते, बोटे दुखतात, आणि स्वतःला गायला मिळत नाही ते वेगळेच. भाज्याला प्रश्न विचारणारा तो मुलगाही पाळीत होता. तो ऑक्टोपॅड उत्तम वाजवतो. तंबोरा धरून पाऊण तास बसल्यानंतर तो म्हणाला, "सर, ती वरच्या सा वर जायच्या आधी श्वास घेते, ते आज कळलं. आता तिथे मी ठेका हलका करीन."

आमच्या तुलनेचा निकाल वाचकांनी मागितला तर तो असा: नादासाठी ८०८, मींडेच्या धाडसासाठी ३०३, पोटापाण्याच्या आणि भजनाच्या कामासाठी ऑक्टोपॅड, पावसाळ्यासाठी विजेचा तंबोरा, आणि वीज गेल्यावर पेटी. सॅम्पलरला आम्ही शेवटचा क्रमांक देतो. त्यामागे बालपणीचा पूर्वग्रह असू शकेल. तंबोऱ्याच्या बाबतीत आम्हा दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही. पाळीचा तक्ता मात्र दोघे मिळून लावतो.